फार्मॉल एम: बोअर वाढवायचा की हेड घासायचं?

अमेरिकेत ट्रॅक्टर पुलिंगला (वजनदार स्लेज ओढायची स्पर्धा) जुना फार्मॉल एम ट्रॅक्टर (१९३९-५२) उतरवणाऱ्यांचा हा नेहमीचा वाद. मूळ इंजिन २४८ क्युबिक इंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) पावणेचार इंचांहून जरा जास्त. त्यात ४ इंची पिस्टन टाकले की सुपर एम या पुढच्या मॉडेलसारखे २६४ होतात, म्हणजे स्लेज जड होत जाऊन आरपीएम पडायला लागले तरी टॉर्क सोडत नाही. पण स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, मशीनिंग, खिसा रिकामाच की!

हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासणं एकदम स्वस्त, कम्प्रेशन वाढतं, थ्रॉटलला तरतरी येते, पण अति घासलं तर साध्या पेट्रोलवर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) आणि गॅस्केटची वाट. व्हॉल्व्ह क्लिअरन्स परत सेट करावाच लागतो. माझं मत? आधी बोअर, मग हेड थोडंसंच.