‘रिमास्टर्ड’ पेनड्राईव्ह घेण्याआधी हे वाचा

फोंडा, म्हापसा, मडगाव, जिथे जिथे गाणं ऐकणारी मंडळी आहेत त्यांनी हे वाचाच, कारण जुन्या गाण्यांचे पेनड्राईव्ह विकणारा एक माणूस अजून संगीत संमेलनांच्या बाहेर फिरतोय. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शास्त्रीय गायिकांच्या जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या ‘ओरिजिनल मास्टर टेपवरून रिमास्टर, २४ बिट’, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून नव्याने साफ केलेल्या, वरच्या दर्जाच्या, असं सांगून पेनड्राईव्हवर विकतो. साडेतीन हजार. माझ्याकडनंही घेतले.

त्याने मोबाईलवर ऐकवलं तेव्हा खरखर अजिबात नाही, आवाज मोठा, एकदम चकचकीत. घरी हेडफोनवर लावलं आणि जीव तुटला हो. तान संपली की तंबोरा गायब, पुढचा ‘आ’कार सुरू झाला की परत हजर, मधे नुसती मेलेली शांतता. केसरबाईंचा तो भरदार मोकळा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. खरखर काढायच्या नादात सॉफ्टवेअरने श्वास, आकाराची शेपटी, तंबोऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) सगळंच खाल्लंय, वर कुठल्यातरी हॉलचा खोटा घुमारा.

मित्राकडे त्याच तबकडीची साधी, खरखरीसकट उतरवलेली फाईल होती. दोन्हीचा आवाज आधी सारखा करून घेतला, हे फार महत्त्वाचं, कारण जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. सारखं केल्यावर साध्या फाईलमध्ये गाणं कितीतरी जिवंत!

मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजात किती उंच स्वरापर्यंत काय आहे ते दाखवणारं चित्र, काढला. १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. जुन्या तबकडीत गाणं तेवढं वर जात नाही हे खरं, पण सुईची खरखर जाते आणि ती अशी एका रेघेवर थांबत नाही. अशी रेघ बहुतेक कमी बिटरेटच्या, म्हणजे खूप दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीत दिसते, म्हणजे कुठूनतरी एमपीथ्री उतरवून त्याचीच मोठी फाईल केलेली. २४ बिटच्या डब्यात घातलं म्हणून गेलेलं परत येत नाही.

आणि मास्टर टेप कुठली? १९३० च्या दशकात आपल्याकडे गाणं मेणाच्या तबकडीवर कोरायचे, टेप खूप नंतर आली. त्या काळच्या ७८ ची मास्टर टेप आहे असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा.

फोन केला तर म्हणतो, काका, गाणं ऐकू येतंय ना, मग झालं की. पैसे परत नाहीत, नंतर फोनच उचलत नाही. केरीच्या, कुर्डीच्या या बायकांनी जन्मभर घासून कमावलेला आवाज, त्याची ही दशा करून आपल्याच गोव्यात विकायचं, याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

तुमच्याकडे आला तर तबकडीचा नंबर विचारा, कोणी कुठल्या प्रतीवरून उतरवली ते विचारा, आणि साफ न केलेला एक तुकडा आधी मागा. ज्याने खरंच काम केलंय त्याच्याकडे तो असतोच.