आडवाटेला हिमालयन ४५० की एक्सपल्स २००?

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आणि हिरोची एक्सपल्स २००, या दोन्ही मोटारसायकली भोर-वेल्ह्याकडच्या आडवाटांवर चालवल्यात, म्हणून मनापासून सांगतो.

हिमालयनचं वजन १९६ किलो, एक्सपल्सचं साधारण १६०. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण गाडी आडवी झाली की तो कंबरेत जाणवतो. पावसाळ्यात तांबड्या चिखलात माझी हिमालयन कलंडली. हँडल पूर्ण वळवलं, सीटला पाठ लावली, गुडघे वाकवले आणि पायांच्या जोरावर मागे रेटत गेलो. बूट घसरत होते, तिसऱ्या प्रयत्नात ती उभी राहिली. एक्सपल्स अशीच पडली तेव्हा एका दमात उचलली होती.

पण सुट्या खडीच्या लांब चढावर हिमालयनला तोड नाही. ४५२ सीसी इंजिन, सुमारे ४० पीएस (अश्वशक्ती) ताकद. दुसऱ्या गिअरमध्ये फूटरेस्टवर उभं राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा. गाडी आपली वाट काढते. उतारावर मात्र तेच वजन पुढे ढकलतं. तिथे इंजिन ब्रेकिंगवरच, म्हणजे खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडून उतरायचं, पुढचा ब्रेक अगदी हलक्या बोटाने.

टाकी हिमालयनची १७ लिटरची, एक्सपल्सची १३. पुढचं चाक दोघींचं २१ इंची.

पुण्याहून हायवेने लांब जाऊन मग कच्च्या रस्त्याला लागणार असाल, सोबत सामान असेल, तर हिमालयनच घ्या. पण एकटे फिरत असाल आणि वाटेत ओढे, शेवाळलेले दगड असतील, तर माझं मत एक्सपल्सला. अशा ठिकाणी गाडी उचलायला दुसरं कोणी नसतं.