पोकळ काँक्रीट भिंतीचा सरकता साचा: एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

चिपळूण तालुक्यातील आमच्या बागेत भात, पेंढा आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवण्यासाठी गेल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 16 फूट बाय 12 फुटांची एक खोली बांधली. तिच्या भिंती चिऱ्याच्या नाहीत आणि विकत आणलेल्या ब्लॉकच्याही नाहीत. कोल्हापूरकडील एका लहान कारखान्यातून करून घेतलेल्या लोखंडी साच्यात जागेवरच काँक्रीट ठोकून, एकावर एक थर चढवत त्या उभ्या केल्या. साचा हाती आला तेव्हाच त्याच्याविषयी लिहावे असे वाटले होते. पण कोकणात भिंतीची परीक्षा मृगापासून नवरात्रापर्यंत चालते, म्हणून पावसाळा सरेपर्यंत थांबलो.

चिरा सोडून हा मार्ग का निवडला, हे आधी सांगणे आवश्यक आहे. चिरा आमच्या मातीतला दगड आहे, उन्हाळ्यात तो सुखद असतो आणि त्याचे काम जाणणारे गवंडी गावोगाव आहेत. मात्र तो सच्छिद्र असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भागात गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत श्रावणापर्यंत आतून ओल दाखवू लागते आणि तिला टेकवून ठेवलेल्या भाताच्या गोणीला बुरशी धरते. जुन्या कोठीत हे नुकसान मी अनेक वर्षे पाहिले आहे. भिंतीच्या मध्येच पोकळी ठेवली, तर बाहेरच्या अंगाने शिरलेले पाणी त्या पोकळीतून खाली उतरेल आणि आतले अंग कोरडे राहील, हा विचार साधा आहे आणि जुनाही आहे. अमेरिकेत हार्मन पामर यांनी पोकळ काँक्रीट ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचे पेटंट 1900 साली घेतले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ब्लॉक न पाडता थेट भिंतीवरच पोकळ थर ओतणारे साचेही तेथे वापरात आले. माझ्याकडील साचा त्याच कुळातला आहे.

साच्याची रचना अशी आहे. 3 मिलिमीटर जाड पत्र्याच्या, 900 मिलिमीटर लांब आणि 200 मिलिमीटर उंच अशा दोन बाजू आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पट्ट्यांना लांबट खाचा आहेत. त्यांतील नट-बोल्ट ढिले करून बाजू जवळ किंवा दूर सरकवल्या, की भिंतीची जाडी 150 पासून 300 मिलिमीटरपर्यंत हवी तशी ठेवता येते. आत, वरून खाली किंचित निमुळत्या होत गेलेल्या तीन पेट्या बसतात. प्रत्येक पेटी 230 मिलिमीटर लांब आणि 110 मिलिमीटर रुंद असून तिला वर मूठ आहे. माल ठोकून झाला, की पेटी थोडी हलवून सरळ वर ओढायची, मग बोल्ट सैल करून बाजू सोडायच्या आणि साचा पुढे सरकवायचा. जाडी 200 मिलिमीटर ठेवल्यास बाहेरचे व आतले कवच प्रत्येकी 45 मिलिमीटरचे होते आणि त्यांना जोडणाऱ्या पडद्या 60 मिलिमीटरच्या राहतात. दोन पेट्यांमधील फटींत बसणारे पत्र्याचे तुकडे साच्याबरोबरच मिळतात. ते बसवले, की पडद्या नाहीशा होऊन एक सलग पोकळी तयार होते. हे तुकडे मला सुरुवातीला क्षुल्लक वाटले होते, पण पावसाळ्यानंतर माझे मत पूर्ण बदलले. सगळ्या साच्याचे वजन सुमारे 30 किलो भरते, म्हणजे दोन माणसांना तो पायाडावरही उचलता येतो. मला तो 7,800 रुपयांना पडला.

मालाच्या बचतीचा हिशोब कागदावर जसा दिसतो, तसाच प्रत्यक्षातही उतरला. भरीव भिंतीला जेथे 36 लिटर काँक्रीट लागले असते, तेथे 200 मिलिमीटर जाडीच्या एका भरणीला, म्हणजे साचा एकदा भरायला, सुमारे 21 लिटर पुरते. एक भाग सिमेंट, तीन भाग क्रश सँड आणि तीन भाग बारीक ग्रिट असे प्रमाण मी ठेवले. पोकळ ब्लॉकच्या भारतीय मानकात सिमेंट आणि एकूण खडी-वाळू यांचे प्रमाण एकास सहापेक्षा अधिक कसदार नसावे असे म्हटले आहे, तेच येथे धरले. कवच जेमतेम 45 मिलिमीटरचे असल्याने 10 मिलिमीटरहून मोठी खडी चालत नाही, कारण ती कोपऱ्यांत अडकते आणि भिंतीत भोके राहतात. खाडीची वाळू स्वस्त मिळत असली, तरी तिच्यातील मीठ सळईला खाते आणि भिंतीवर पांढरे फुलते, म्हणून ती वापरण्याचा मोह कोणी करू नये. एका पोत्यात आठ ते नऊ भरण्या झाल्या आणि सगळ्या भिंतींना, कोपरे भरीव करूनही, तेहतीस पोती पुरली.

आता कष्टाच्या भागाविषयी. या साच्याचे यश मालातील पाण्यावर अवलंबून आहे आणि पहिले दोन दिवस आम्ही तेथेच चुकलो. स्लॅबच्या मालाची सवय असलेल्या बिगाऱ्याने माल नेहमीसारखा सैल कालवला. पेटी वर ओढताच आतले कवच पोटात बसले आणि सहा भरण्या फोडून काढाव्या लागल्या. येथे लागणारा माल जवळजवळ कोरडा, ओल्या मातीसारखा असतो. मूठभर घेऊन आवळला तर त्याचा गोळा टिकला पाहिजे, पण तळहाताला पाणी लागता कामा नये. तो तीन पातळ थरांत टाकून, प्रत्येक थर सपाट टोकाच्या लोखंडी दांड्याने चारही अंगांनी ठोकावा लागतो. ठोकण्यात कसर राहिली, तर भिंत वरून चांगली दिसते आणि पावसात चाळणीसारखी वागते. पेट्यांना आणि बाजूंना दर दोन-तीन भरण्यांनंतर शटरिंग ऑइलचा हात फिरवावा. गॅरेजमधील जळके ऑइल आम्ही एका बाजूला वापरून पाहिले. त्याचे काळे डाग राहिले आणि पुढे तेथे गिलावा नीट धरेना.

वेगाच्या बाबतीत खरेदीदाराने मोठी अपेक्षा ठेवू नये. दोन माणसे, सराव झाल्यावर, दिवसाला 20 भरण्या करतात. माझ्या खोलीचा एक पूर्ण थर 18 भरण्यांचा होता, म्हणजे दिवसाकाठी एकच थर, आणि खरे तर त्याहून घाई करूही नये, कारण कालच्या ओल्या थरावर आज दोन-तीन थरांचे वजन चढवले, तर खालचे कवच फुगते. पंधरा थरांना, दारे-खिडक्या आणि लिंटेलची पट्टी धरून, आम्हाला तीन आठवडे लागले. चांगला गवंडी हीच खोली चिऱ्यात आठवड्याभरात उभी करील, असा माझा अंदाज आहे. ज्याला मजुरी रोखीने मोजायची आहे, त्याची सिमेंटमधील बचत मजुरीत सहज निघून जाईल. ज्याच्या घरची दोन माणसे हंगामाआधी मोकळी आहेत, त्यालाच हा साचा परवडतो. शिवाय प्रत्येक नवा थर टाकण्यापूर्वी जुना थर तारेच्या ब्रशने खरवडून, भिजवून, त्यावर सिमेंटचे पाणी मारावे लागते, आणि बाजारातले बहुतेक सिमेंट फ्लाय ॲश मिश्रित असल्याने किमान दहा दिवस गोणपाट टाकून भिंत ओली ठेवावी लागते. हे काम दिसत नाही, पण पहाटे-संध्याकाळ माणूस अडकतो.

साच्यातील दोष मला तीन ठिकाणी जाणवले. पहिला दोष त्या खाचांचा आहे. जाडी जुळवण्याची सोय हे या वस्तूचे मुख्य आकर्षण असले, तरी दांड्याच्या ठोक्यांनी बोल्ट हळूहळू सरकतात आणि चौथ्या-पाचव्या भरणीला भिंत 3-4 मिलिमीटरने जाड झालेली असते. ओळंबा लावल्यावर हे लक्षात आले. कारखान्याने खाचेऐवजी 150, 200, 250 आणि 300 मिलिमीटरवर भोके पाडून त्यांत खिळ द्यावी, असे मी त्यांना कळवले; माझ्या साच्यात ती भोके मी गावातल्या वेल्डरकडून पाडून घेतली आणि त्यानंतर हा त्रास थांबला. दुसरा दोष अधिक गंभीर आहे: साचा कोपऱ्यात वळत नाही. कोपऱ्यावर लाकडी फळ्यांची वेगळी पेटी करून माल भरावा लागला, आणि एकूण वेळेचा मोठा वाटा त्या चार कोपऱ्यांनीच खाल्ला. कोपऱ्याचा वेगळा जोडभाग दिल्याशिवाय हा साचा पूर्ण वस्तू म्हणून विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरी गोष्ट किरकोळ आहे. पेट्यांच्या मुठी गोल सळईच्या असल्याने दिवसअखेर हात सोलवटतात.

कोपरे भरीव करण्यामागे आणखी एक कारण आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो, आणि पोकळ भिंत सळईविना उभी करणे येथे शहाणपणाचे नाही. सुदैवाने पोकळ्या एकावर एक येत असल्याने सळई उभी करायला जागा आपोआप मिळते. पायापासून 12 मिलिमीटरची सळई प्रत्येक कोपऱ्यात आणि दाराच्या दोन्ही अंगांना वर आणली, तेवढ्या पोकळ्या ओल्या मालाने भरल्या आणि सळया लिंटेलच्या सलग पट्टीत बांधल्या. नकाशा एका स्थापत्य अभियंत्याला दाखवूनच हे केले. मजला चढवण्यासाठी, किंवा मातीचा भार पेलणारी बांधाची भिंत घालण्यासाठी, हा साचा कोणी वापरू नये.

आता त्या पत्र्याच्या तुकड्यांकडे येतो. आमच्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर थेट आपटतो, म्हणून ती एकच भिंत मी 250 मिलिमीटर जाडीची आणि सलग पोकळीची केली. दोन्ही कवचे प्रत्येकी 70 मिलिमीटरची झाली. त्यांना धरून ठेवण्यासाठी दर दुसऱ्या थरावर, प्रत्येक भरणीमागे एक, अशी जस्त चढवलेल्या जाड तारेची कडी घातली. कडीला मध्यभागी खाली झुकणारा बाक दिला, म्हणजे तिच्यावरून वाहत आलेले पाणी आतल्या कवचापर्यंत न जाता तेथेच टपकते. तळाच्या थरात बाहेरच्या बाजूने पाणी निघायला दर तीन फुटांवर भोक ठेवले. वरून पडणारा माल कड्यांवर साचून पूल होऊ नये, म्हणून पोकळीत दोरीने बांधलेली फळी टाकून ती प्रत्येक थराबरोबर वर ओढत नेली. काढताना तिच्यावर रोज ओंजळभर माल निघत असे. उरलेल्या तीन भिंती नेहमीच्या, पडद्या असलेल्या 200 मिलिमीटर जाडीच्या ठेवल्या. पैशांअभावी बाहेरचा गिलावा कोणत्याच भिंतीला केला नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारांची तुलना आपसूक झाली.

आषाढाच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तरेच्या भिंतीवर आतून ओलीचे उभे पट्टे उमटले. सुमारे 30 सेंटिमीटरच्या अंतराने, खालपासून वरपर्यंत, ओळंब्याने आखल्यासारखे. मोजून पाहिले तेव्हा प्रत्येक पट्टा नेमका पडदीच्या जागी होता. पोकळीसमोरची भिंत कोरडी आणि पडदीसमोरची भिंत ओली, कारण पडदी म्हणजे बाहेरच्या कवचातून आतल्या कवचात जाणारा काँक्रीटचा पूलच असतो. उन्हाचेही तेच घडते. कोंडलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते, पण पडदी तिला सरळ रस्ता देते. याउलट, सर्वाधिक मारा सोसणारी पश्चिमेची भिंत भाद्रपदापर्यंत आतून कोरडी राहिली. तळाच्या भोकांतून मोठ्या सरीनंतर तासभर पाणी झिरपत असलेले मी स्वतः पाहिले आहे. त्या भिंतीला लावून ठेवलेल्या चौदा गोणी भाताला या वर्षी बुरशी लागली नाही.

म्हणून हा साचा घेणाऱ्याला माझे सांगणे असे, की पडद्यांची भिंत कोरड्या प्रदेशासाठी, कुंपणासाठी किंवा गिलावा नक्की होणार असलेल्या खोलीसाठी ठेवावी, आणि कोकणात पावसाच्या अंगाची भिंत सलग पोकळीचीच घालावी. तिला भरणीमागे साडेचार लिटर माल अधिक लागतो आणि कड्यांचा खर्च येतो, तो आनंदाने करावा. उत्तरेच्या भिंतीला दिवाळीनंतर बाहेरून गिलावा करून घेणार आहे. कारखान्याने कोपऱ्याचा जोडभाग बनवण्याची तयारी दाखवली आहे. तो हातात आला, तर येत्या माघात गुरांच्या गोठ्याची पश्चिमेकडील भिंत याच साच्यावर, पत्र्याचे तुकडे पहिल्या थरापासूनच बसवून, चढवायला घेईन.