ठाण्याच्या पावसात डांबरी शिंगल्स: थ्री-टॅब की लॅमिनेटेड?

येऊरच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या बंगल्याच्या छपरावर लॅमिनेटेड शिंगल्स (कौलांसारखे एकावर एक बसवायचे डांबरी तुकडे) आहेत आणि शेजारच्या गाडीच्या शेडवर थ्री-टॅब, त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच पावसात पाहता आले. दोन्हींची घडण सारखीच असते: फायबरग्लासच्या पातळ चटईवर डांबराचा थर आणि त्या डांबराचे उन्हापासून रक्षण करणारे दगडी दाणे.

थ्री-टॅब एकेरी थराचे असून खालच्या कडेच्या खाचांमुळे त्याच्या तीन पाकळ्या होतात. वाऱ्याची क्षमता साधारणपणे ताशी 100 किलोमीटरच्या आसपास सांगितली जाते. लॅमिनेटेडमध्ये दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वजन जास्त असते आणि अनेक उत्पादने ताशी 180 ते 200 किलोमीटरच्या वाऱ्यासाठी तपासलेली असतात. आमच्या शेडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील काही पाकळ्या जुलैच्या वाऱ्यात उचलल्या गेल्या, बंगल्याचे छप्पर मात्र जागचे हलले नाही. म्हणून राहत्या घरासाठी लॅमिनेटेडच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. थ्री-टॅब स्वस्त पडते, पण ते शेडपुरते ठीक.

इथे खरा प्रश्न मुसळधार पावसाइतकाच त्यानंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या ओलीचा आहे. झाडांच्या सावलीतील उतारावर शेवाळ लवकर धरते, त्यामुळे तांबेमिश्रित दाण्यांचा माल मागावा. त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे मला योग्य वाटते.

प्रकार कोणताही निवडला, तरी बसवणी कच्ची असेल तर छप्पर गळणारच. शिंगल्सखाली वॉटरप्रूफ प्लायवूड आणि त्यावर जलरोधक पडदा हवाच, आणि प्लायवूडखालची हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर ते आतून कुजते. 12 फूट आडव्या अंतराला 4 फूट उंची, हा उतार सुरक्षित समजावा. 12 फुटांना 2 फुटांपेक्षा कमी उतारावर शिंगल्स लावूच नयेत. प्रत्येक शिंगलला एरवी चार खिळे पुरतात, पण मोकळ्या वाऱ्याच्या जागी कारागिराकडून गॅल्व्हनाइज्ड असे सहा मारून घ्यावेत. शिंगलवरील चिकट पट्टी उन्हाच्या उष्णतेनेच धरते, म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे; पावसाच्या तोंडावर बसवलेल्या छपराला ते ऊन मिळत नाही.