सेटचा राज्यशास्त्राचा क्लास: शिकवणं एक नंबर, बाकी रामभरोसे

सेट म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा, तिचा हा क्लास सोलापुरात नवी पेठेत दुसऱ्या मजल्यावर आहे, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. शनिवार-रविवार बॅच, नोकरीवाल्यांना बरी पडते. मी बीएला राज्यशास्त्रच घेतलेलं पण खरं सांगतो, व्याख्या नुसत्या घोकलेल्या, डोक्यात काय शिरलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, तुमच्याकडं नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? कुणी म्हणालं चौथ्या, कुणी पाचव्या, मागून एकजण ओरडला, आमच्याकडं रात्री दोनला येतंय ओ सर. सर म्हणले झालं, हाच लासवेल, अमेरिकेतला राज्यशास्त्राचा अभ्यासक. कुणाला काय, कधी आणि कसं मिळतं ते राजकारण, हे त्यानं १९३६ ला मांडलं, आणि त्यातला 'कधी' सोलापूरकराला वेगळा शिकवायला लागत नाही. मग ईस्टनपण तसाच, राजकारण म्हणजे मागण्या आत घेऊन निर्णय बाहेर टाकणारी व्यवस्था, अशी आकृती काढणारा दुसरा अभ्यासक, महापालिकेवर हंडा मोर्चा गेला ती मागणी, पाणीपट्टी भरली तो पाठिंबा, टँकर आला ते आउटपुट, आणि टँकर आधीच्या गल्लीत रिकामा झाला की परत मोर्चा, तो फीडबॅक. बीएच्या तीन वर्षांत जी आकृती कळली नव्हती ती अर्ध्या तासात कळली बघा.

एका पोरानं विचारलं, ह्याला शास्त्र का म्हणायचं, सगळे भांडतातच की. त्यावर दीड तास गेला, पण वाया नाही. ॲरिस्टॉटलकडं १५८ राज्यघटना जमवलेल्या होत्या, म्हणजे आधी गोळा करा, तुलना करा, मग बोला. पुढं वर्तनवादी आले, मोजता येईल तेच खरं म्हणत, आणि १९६९ ला त्यांच्यातल्याच ईस्टननं सांगितलं की नुसतं मोजून काय उपयोग, बाहेर जग पेटलंय तिकडं पण बघा.

आता तक्रारी. भारतीय विचारवंत शेवटच्या दोन रविवारी अक्षरशः पळवले. कौटिल्याच्या सप्तांगाच्या, म्हणजे राज्याच्या सात अंगांच्या, झेरॉक्समध्ये सहाच अंगं, दुर्गच गायब, किल्ला पडला का काय बे! टेस्ट दहा सांगून सहाच घेतल्या, विचारलं तर ऑफिसातल्या बाई सरांकडं बोट दाखवणार, सर ऑफिसकडं. एप्रिलमध्ये मागच्या बाकावर पंख्याचं वारं येत नाही, लवकर जाऊन पुढं बसा.

पेपर दुसरा, म्हणजे राज्यशास्त्राचा, १०० प्रश्न २०० मार्क, त्यासाठी लावा. पेपर पहिल्यासाठी नको, तो हे लोक नुसता पीडीएफवर भागवतात. गाडी लांब लावा, खालचा दुकानदार हवा सोडतो.