कारस्थानाचं कॅम्पेन कुठे घडवायचं: देवगिरी, निजामशाही की आपलाच तालुका?

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये गुहा झाल्या, ड्रॅगन मारून झाले, आता टेबलावरची मंडळी म्हणतायत की पुढच्या कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टीला, राजकारण पाहिजे. गट पाहिजेत, फितुरी पाहिजे, चोरून वाचलेली पत्रं पाहिजेत. गोष्ट चालवणाऱ्या गेममास्टरने मान डोलावली की पहिला निर्णय येतो काळाचा आणि जागेचा. तयार इंग्रजी कॅम्पेनमधली सरदार घराणी उचलली तर दोन सेशन नावं लक्षात ठेवण्यातच जातात. लातूर, परभणी, नांदेड, संभाजीनगरात बसून खेळणाऱ्यांनी एवढ्या लांब जायचं कारण नाही. ‘औसा’ म्हटलं की किल्ला, बसस्टँड आणि ऊन तिन्ही एकदम डोळ्यांपुढे येतं, वर्णनाचा निम्मा भार तिथेच उतरतो.

कारस्थानाला पुरतील असे तीन पर्याय मला मराठवाड्यात दिसतात. तिन्ही मी एकाच प्रश्नावर घासून बघतो: इथे बाजू बदलली तर काय किंमत पडते? काहीच पडत नसेल तर फितुरीला चव नाही. थेट मुंडकंच जात असेल तर प्लेअर पहिल्या गटाला शेवटपर्यंत चिकटून बसतात, आणि तुम्ही रात्री जागून लिहिलेले बाकीचे गट वहीतच राहतात.

देवगिरी, १२७१ पासून पुढे

इथे सुरुवातच तयार मिळते. महादेव यादवानंतर त्याचा मुलगा आमण गादीवर आला आणि चुलतभाऊ रामचंद्राने, म्हणजे आपल्या रामदेवरावाने, १२७१ मध्ये ती हिसकावली. त्याची माणसं नाचगाण्याच्या ताफ्याच्या वेषात किल्ल्यात शिरली अशी महानुभाव परंपरेतली हकिकत आहे. प्लेअरांना पहिल्याच सेशनला त्या ताफ्यात बसवा. मृदंग कोण वाजवणार, मृदंगात काय दडवलंय, आणि ज्याला खरंच नाचता येतं असा एक तरी जण आहे का, एवढ्यावर अख्खी संध्याकाळ निघते.

त्यात हेमाद्री पंडित. महादेवाच्या दरबारात करणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हाच आणि रामचंद्राच्याही दरबारात हाच. राजा बदलला, दफ्तर मात्र त्याच माणसाच्या हातात राहिलं. कारस्थानाच्या खेळाला याहून चांगला एनपीसी, म्हणजे गेममास्टरने चालवायचं पात्र, शोधून सापडणार नाही. भोवती पैठणचे शास्त्री, चक्रधरांचे अनुयायी, सीमेवरचे सरदार असे गट उभे करता येतात. पण एक अडचण ओळखून घ्या: या गटांना नावानिशी चेहरे द्यायला साधनं तोकडी आहेत. हेमाद्री, रामदेवराव, युवराज शंकरदेव एवढी नावं संपली की पुढचा दरबार तुम्हालाच रचावा लागेल. ज्याला रचायला आवडतं त्याला हे कुरण आहे, ज्याला वेळ नाही त्याने पुढे जावं.

दुसरी अडचण शेवटाची. १२९६ मध्ये प्रयागजवळच्या कडा गावाहून अलाउद्दीन खिलजी येणार हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. गंमत अशी की त्या स्वारीतच एक नंबर रहस्यं पडली आहेत. काका आणि सासरा असलेल्या दिल्लीच्या सुलतान जलालुद्दीनला न सांगता तो निघाला, वाटेत आपण काकाशी बिनसल्यामुळे राजमहेंद्रीला चाकरी शोधायला चाललोय अशी आवई उठवली, आणि नेमकं तेव्हाच यादवांचं मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. किल्ल्यात घाईने ओढून घेतलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. ती पोती तिथे कशी आली, आत मीठ आहे हे कुणाला आधीच माहीत होतं, सैन्य बाहेर आहे ही बातमी उत्तरेला कुणी पोचवली? या तीन प्रश्नांवर वर्षभराचं कॅम्पेन बेतता येईल. फक्त प्रत्येक उत्तराकडे नेणारे निदान तीन वेगवेगळे धागे पेरा. प्लेअर एक हमखास हुकवतात, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात, तिसरा कामी येतो.

बाजू बदलायची किंमत मात्र इथे जबर. गादी एक, तिच्यावरचा माणूस एक. गादीवरून उतरलेल्या आमणाचे डोळे काढले गेले, यावरून अंदाज घ्या. म्हणून देवगिरी अशा टेबलाला शोभतं जिथे लोकांना शोध घ्यायला, कागद वाचायला, गप्प बसून ऐकायला आवडतं. तलवार उपसणारा गडी असेल तर तो तिसऱ्या सेशनला कंटाळेल.

निजामशाही, १५९५ ते १६३३

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त टेबलांनी इथेच यावं. इथे बाजू बदलणं हा चाकरीचाच भाग होता.

१५९५ चं चित्र बघा. अहमदनगरच्या एका गादीला चार दावेदार आणि प्रत्येकामागे एक गट. मियां मंजूने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवलं. इखलासखान हबशीने मोती नावाचं पोर पुढे केलं. चांदबीबी छोट्या बहादूरच्या बाजूने उभी. नेहंगखान म्हाताऱ्या शाह अलीला घेऊन आला. कोंडीत सापडलेल्या मियां मंजूने गुजरातेतून मोगल शाहजादा मुरादला मदतीला बोलावलं, आणि मुराद खरंच येऊन थडकल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. गेममास्टरने स्वतःहून असं लिहिलं असतं तर प्लेअर म्हणाले असते, जरा जास्तच होतंय. पुढे १६०० मध्ये चांदबीबी मोगलांशी बोलणी करते अशी हूल उठली आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं. अफवा हे या खेळातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे, हे समजवायला वेगळा नियम लिहायची गरज उरत नाही.

पण कॅम्पेनसाठी मी त्यानंतरची सात वर्षं निवडेन. अहमदनगरचा किल्ला मोगलांकडे गेलेला. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला परंड्याला सुलतान म्हणून उभं केलेलं. उरलेलं राज्य दोन माणसांत वाटलं गेलेलं: एकीकडे अंबर, दुसरीकडे दौलताबादचा परिसर धरून बसलेला राजू दखनी. फिरिश्ता सांगतो की खुद्द सुलतानाच्या खर्चाला औसा किल्ला आणि थोडी गावं एवढंच ठेवलं होतं. दोघेही त्याच सुलतानाचे चाकर, दोघेही मोगलांशी लढतात, दोघेही एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि सुलतान या दोघांना झुंजवून स्वतःला वाचवू पाहतोय.

यातून गट कसे काढायचे ते एका प्रसंगात दाखवतो. खेळापुरतं असं धरा की सुलतानाने राजूला गुप्त पत्र लिहिलंय: अंबरच्या जाचातून सोडव. पत्र औशाहून निघून अंबाजोगाई, बीड, पैठण करत दौलताबादला न्यायचंय, आणि नेणारे तुमचे प्लेअर. वाटेत अंबरची ठाणी. प्रत्येक गटाच्या चिठ्ठीवर मी तीनच ओळी लिहितो: काय पाहिजे, हातात काय आहे, कशाची धास्ती आहे. राजूला सुलतान ताब्यात पाहिजे, हातात दौलताबाद आहे, धास्ती एकच की मोगल आणि अंबर एकाच वेळी अंगावर येतील. अंबरला राज्य एकहाती चालवायचंय, हातात फौज आणि सुलतानाचं नाव आहे, धास्ती अशी की सुलतान शहाणा व्हायला लागलाय. सुलतानाला जिवंत राहायचंय, हातात शिक्का आहे, धास्ती दोघांची. चौथी चिठ्ठी मोगलांची. तिकडून सरदार म्हणून दोह्यांचा कवी रहीम, म्हणजे खानखानान, आणता येतो. तलवारीपेक्षा गोड बोलून काम काढणारा शत्रू टेबलावर फार चालतो.

आता पत्र पोचवलं, अंबरला विकलं किंवा मजकूर बदलून पुढे धाडलं, तिन्ही वाटांनी कॅम्पेन पुढे जातं आणि कुठल्याही वाटेने गेलं तरी एक गट उपकारात आणि एक डुखात राहतो. प्लेअरांनी काहीच नाही केलं तरी गट थांबत नाहीत हे दाखवायला प्रत्येक चिठ्ठीवर सहा घरांचं घड्याळ काढा आणि दर सेशनच्या शेवटी गरजेप्रमाणे एखादं घर भरा. राजूचं भरलं तर सुलतान दौलताबादला. अंबरचं भरलं तर राजू कैदेत. इतिहासात १६०७ च्या सुमारास अंबरचं भरलं. तुमच्याकडे तसंच व्हावं असा काही नियम नाही.

हा काळ धर्माच्या रेषेवर मांडायचा मोह टाळा, खेळ सपाट होतो. गट होते दखनी, हबशी, इराण-तुराणकडून आलेले परदेशी, मराठा सरदार, आणि माणसं यातून त्यात जात होती. वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी मुलांची नावं शाह शरीफ पिरावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेने चालत आलेली हकिकत एकदा टेबलावर सांगा, पुष्कळ गैरसमज न बोलता मिटतात. भोसले आणि जाधव एकमेकांचे सोयरे, तरी खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्यावर त्यांच्यात तलवारी निघाल्या आणि दत्ताजी जाधव आणि मालोजींचा पुतण्या संभाजी भोसले असे दोन्हीकडचे मारले गेले. एका पिसाळलेल्या हत्तीवरून दोन घराणी फुटतात: पहिल्या सेशनला याहून चांगला धमाका मला सुचत नाही. आणि किंमत किती पडू शकते याचा वस्तुपाठ म्हणजे लखुजी जाधवराव. निजामशाहीतून मोगलांकडे, मोगलांकडून परत, आणि १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात मुलांसकट खून. किंमत आहे, पण ती वसूल व्हायला वर्षं लागतात. खेळाला नेमकं हेच पाहिजे.

जागाही बघून येता येतात. दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, एकदा चालून आलात की तिथली मारामारी वर्णन करताना नकाशा लागत नाही. अंबरची कबर खुलताबादला आहे, त्याने १६१० मध्ये वसवलेली खडकी म्हणजेच आजचं संभाजीनगर. परंड्याला असलेली मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला गेली. ती कुणाच्या नाकावर टिच्चून गेली, हे एका स्वतंत्र सेशनला पुरेल.

नियम कुठले, म्हणाल तर डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, चालतं. जादू मात्र कमी करा, नाहीतर मन वाचणारा एक मंत्र सगळी फितुरी उघडी पाडतो.

आजचा एक काल्पनिक तालुका

हा पर्याय लोक हसण्यावारी नेतात. नवख्या टेबलाला मी आधी हाच सुचवेन, कारण नियम शिकवावे लागतात पण राजकारण शिकवावं लागत नाही. साखर कारखाना, बाजार समिती, शिक्षण संस्था, जिल्हा बँक, पाटाचं पाणी. पाच सत्ताकेंद्रं, आणि एकाच घरातले दोन भाऊ दोन पॅनलमध्ये.

बाजू बदलायची किंमत इथे वेगळीच. कुणाला मारता येत नाही. ज्याला पाडलं तो पुढच्या आठवड्यात लग्नात शेजारच्या पंगतीला बसलेला असतो आणि “काय पाहुणे, बरंय ना” म्हणून विचारतो. तलवार नाही, मरण नाही, तरी प्लेअरांना घाम फुटतो.

जिल्हा बँकेची निवडणूक घ्या. गावच्या सोसायटीने ठराव करून ज्याचं नाव दिलं तो मतदार. म्हणजे मतदार थोडे, ओळखीचे आणि मोजून ठेवलेले. मतदानाआधी ठरावधारकांना सहलीला नेलं जातं ही गोष्ट गावोगाव माहीत असते. प्लेअरांना काम द्या: विरोधी पॅनलच्या सहलीच्या बसमधून आपले चार ठराववाले मतदानाच्या सकाळपर्यंत परत आणायचे. फोन बंद, ड्रायव्हर त्यांचा, एकाच्या सासऱ्याचा दवाखाना, दुसऱ्याच्या मुलाची नोकरी अडकलेली. चोरी, सुटका आणि वाटाघाट एकाच सेशनमध्ये, तेही एकही हाणामारी न करता.

पाण्याचे गट याहून खोल जातात. पाटाच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेलं गाव, वरचं गाव, पाळी ठरवणारं ऑफिस, त्याच्याही वर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं हा वाद. उन्हाळा जवळ आला की एक घड्याळ आपोआप भरत जातं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तसा प्रसंग खेळात आणला तर टँकरवाल्यांचा गट रातोरात सगळ्यात मोठा होतो.

दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्या लागतात. खऱ्या पुढाऱ्यांची नावं, घराणी, पक्ष नकोत, ओळखू येतील अशी पात्रंही नकोत. आणि जातीचं काय करायचं. तालुक्याच्या राजकारणातून ती वगळली तर चित्र खोटं वाटतं, घेतली तर टेबलावरच्या कुणाला तरी लागू शकतं. याचा निर्णय गेममास्टरने एकट्याने घेऊ नये. नियम हलके ठेवा, दोन सहाबाजूंचे फासे पुरतात. पाच-सहा सेशनपेक्षा जास्त ताणू नका, पुढे सगळे डाव बैठकीतच अडकतात.

हैदराबाद मुक्तिसंग्राम हा चौथा पर्याय कुणीतरी सुचवतंच, आणि साहित्य भरपूर आहे हेही खरं: अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, लातुरात वकिली केलेला कासीम रझवी, सीमेवरचे कॅम्प, १७ सप्टेंबर १९४८. तरी मी नको म्हणेन. अनेकांच्या आजी-आजोबांनी ते दिवस काढलेत, आणि रझाकाराचं पात्र टेबलावर कोण घेणार?

तर घ्यायचं कुठलं

दर आठवड्याला तीच माणसं येणार असतील आणि निदान दोघांना इतिहासाची गोडी असेल, तर निजामशाही, आणि तीही १६०० ते १६०७. कोण येईल कोण नाही याचा भरवसा नसेल तर तालुका, तिथे गैरहजर प्लेअरचं पात्र मुंबईला गेलंय म्हणून सांगता येतं. टेबल छोटं असेल, तिघंच असतील आणि मोडी वाचता येणारा एखादा मित्र हाताशी असेल, तर देवगिरी. मोडीत लिहिलेलं पत्र खरोखर हातात ठेवलं की खोली शांत होते. हेमाद्रीच्या नावावर मोडी परंपरेने चढवली जाते, तेव्हा काळाची अडचणही फारशी कुणी काढणार नाही.

तिन्हींत चारपेक्षा जास्त गट एकदम सोडू नका. पाचव्या गटाचं नाव सेशनच्या निम्म्यात कुणालाच आठवत नाही, गेममास्टरला धरून.