झेडझेड प्लांट आणि सोबत आलेली सेल्फ वॉटरिंग कुंडी : झाडाला पाच स्टार, कुंडीला एक

दीड वर्ष वापरून मग लिहितेय, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते आणि दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. झाडं मारण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, निवडुंगसुद्धा मारलाय मी, त्यामुळे सर्चमध्ये सरळ "न मरणारं झाड" असं टाकलं आणि झेडझेड प्लांट समोर आलं. काही लोक झीझी म्हणतात, झाड तेच. एका ऑनलाइन नर्सरीचा कॉम्बो होता, मध्यम साइजचं झाड, सेल्फ वॉटरिंग कुंडी, पानं चमकवायचा स्प्रे आणि एक केअर कार्ड. नर्सरीचं नाव घेत नाही, कारण असे कॉम्बो आता बरेच जण विकतात.

पॅकिंग चांगलं होतं. खोका उभाच आला, मातीवर कागद लावून टेप मारलेली, तीन दांड्या कागदाच्या नळीत अलगद बसवलेल्या. पाच पानं गळून खोक्याच्या तळाशी पडली होती, ती मी फेकणार होते पण फेकली नाहीत, त्यांचं पुढे सांगते. आणि झाड दिसायला खरंच भारी, इतकं चकचकीत की घरी येणारा प्रत्येक जण पान दाबून बघतो, प्लास्टिकचं आहे का म्हणून.

आता कुंडीचं ऐका. खाली पाण्याची टाकी, त्यातून एक सुती वात वर मातीत गेलेली, बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी छोटी लाल कांडी. कार्डावर लिहिलेलं की कांडी खाली गेली की टाकी भरा, बस्स. मी आपली इमानदारीत भरत राहिले. महिना दीड महिना झाला असेल, खालची पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून वरून पण थोडं घातलं. त्यात आई राहायला आलेली, तिला कुठलीही कुंडी कोरडी बघवत नाही, "अगं किती सुकलीय माती बघ" म्हणत तिने पण दोन तांबे ओतले. आणि एका सकाळी एक दांडी आडवी. हात लावला तर सुटून हातातच आली, बुडाशी पार लिबलिबीत आणि वास असा की विचारू नका, फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो ना, तसा.

मग सगळं उपसलं. आत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पिळलं तर पाणी गळेल इतकं ओलं. आणि मधोमध मुळांभोवती जाळीचा एक छोटा कप, नर्सरीत रोप लहान असताना वापरतात तो, तसाच ठेवलेला, त्याच्या आत तर चिखलच. तुम्ही कुठूनही रोप आणा, एकदा हा कप आहे का ते बघा आणि असेल तर हलक्या हाताने कापून काढा. खाली तीन कंद होते, बटाट्यासारखे, दोन टणक आणि एक बोट आत जाईल इतका मऊ, तपकिरी. मऊवाला काढून टाकला, मुळं काळी पडलेली तेवढी कापली, बाकीचं दोन दिवस सावलीत कागदावर तसंच उघडं ठेवलं. आई म्हणाली, "मेलं गं ते आता." नाही मेलं. साध्या मातीच्या, बुडाला भोक असलेल्या कुंडीत लावलं, निम्मी माती आणि निम्मं परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे), जाड रेती आणि कोळशाचे बारके तुकडे असं काहीतरी मिसळून, आणि पुढचे दहा दिवस पाण्याचा थेंब नाही.

नंतर वाचत बसले की असं का झालं, आणि वाचल्यावर कुंडीवाल्यांचा अजूनच राग आला. हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेचं, केनिया, टांझानिया, मोझांबिकपासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंतचं, जिथे पाऊस पडून गेला की लांबलचक कोरडा काळ असतो. म्हणून ते पाणी साठवून ठेवतं, जमिनीखाली कंदात आणि वर दांड्यांमध्ये. आणि ज्याला आपण दांडी म्हणतो ती दांडी पण नाही, ते अख्खं एकच संयुक्त पान आहे, आपल्याला पानं वाटतात त्या त्याच्या पर्णिका, खरं खोड म्हणजे तो जमिनीखालचा कंद. पानात ९१ टक्के आणि देठात तर ९५ टक्के पाणी मोजलं गेलंय. म्हणजे टाकी झाडाच्या आतच आहे, तिला बाहेरून दुसरी टाकी जोडायची आणि वातीने चोवीस तास पाणी चढवत ठेवायचं, हे डोकं कुणाचं? कुंडी म्हणून वस्तू वाईट नाही, गळत नाही, प्लास्टिक जाड आहे, पण या झाडाच्या गळ्यात ती मारणं म्हणजे पोट भरलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबणं झालं.

आता माझं रूटीन सांगते, रूटीन म्हणण्यासारखं काही नाहीच. कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तरी लगेच पाणी नाही, एक काडी तळापर्यंत खुपसायची, कोरडी बाहेर आली तर भरपूर पाणी घालायचं, भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओतून द्यायचं. माझ्याकडे हे साधारण तीन आठवड्यांनी होतं, थंडीत महिना सव्वा महिना. तुमच्याकडे उजेड आणि हवा वेगळी असेल तर दिवस वेगळे पडतील, त्यामुळे कॅलेंडरला नाही तर काडीला विचारा. कार्डावर जे दर आठवड्याचं पाणी छापलंय तो कागद सरळ फाडा. मधे सात आठवडे घर बंद होतं, परत आले तेव्हा देठांवर बारीक सुरकुत्या होत्या, पाणी घातलं, चार पाच दिवसांत भरून आल्या. तहान लागली की हे झाड असं सुरकुततं, पिवळं पडून बुडाशी मऊ झालं तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं, हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर एक कंद वाचला असता.

उजेडाबद्दल जाहिरातीत म्हणतात अंधाऱ्या कोपऱ्यातही वाढेल. वाढेल नाही, तग धरेल. मी पहिले काही महिने पॅसेजमध्ये ठेवलं होतं, जसंच्या तसं होतं, म्हणजे एक फुटवा नाही. खिडकीपासून हातभर आत आणलं, जिथे उजेड भरपूर पण दुपारचं कडक ऊन थेट पडत नाही, आणि मग मजा आली. मातीतून एक टोकदार हिरवा भाला वर आला, बोटाएवढा जाड, आठवडाभर तसाच उंच होत गेला आणि मग एक एक पर्णिका उलगडायला लागली, पोपटी, इतकी मऊ की हात लावायची भीती वाटावी. गडद व्हायला बरेच आठवडे लागले. दीड वर्षात असे चार फुटवे, म्हणजे स्पीड हवा असेल तर हे झाड घेऊ नका.

खत मी वाढीच्या दिवसात दोन तीनदा, ते पण अर्ध्या डोसचं पातळ, एवढंच देते. चमकवायचा स्प्रे वापरला नाही, चमक मुळातच आहे, ओल्या फडक्याने धूळ पुसली की झालं.

हां, ती गळलेली पाच पानं. ओलसर मातीत त्यांची बुडं खोचून ठेवली आणि विसरून गेले. तीन सडली. दोन मात्र महिनोन् महिने नुसती हिरवी उभी, काहीच होईना म्हणून एक दिवस वैतागून उपटलं तर खाली हरभऱ्याएवढा कंद आणि चार पांढरी मुळं! परत खोचलं गुपचूप. फुटवा यायला मात्र जवळजवळ वर्ष गेलं.

विक्रेत्याचे दोन दावे खोडून काढते. एक, हवा शुद्ध करतं. ज्या नासाच्या अभ्यासाच्या जिवावर हे सगळे उड्या मारतात तो १९८९ चा, छोट्या हवाबंद चेंबरमधला, आणि त्यात झेडझेड नव्हतंच, याची मोठ्या प्रमाणावर लागवडच डच नर्सऱ्यांनी १९९६ च्या सुमारास सुरू केली. दोन, रात्री ऑक्सिजन देतं. पाण्याची टंचाई असली की हे झाड रात्री थोडा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं हे खरं, पण ऑक्सिजन सुटायला उजेड लागतोच. आणि एक गोष्ट कार्डावर हवी होती ती नाहीये, हे अळवाच्या कुळातलं झाड आहे, यात पण तेच खाजरे कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक असतात. हात लावल्याने काही होत नाही, पण कापल्यावर हात धुवा आणि रांगतं बाळ किंवा कुरतडणारं मांजर असेल तर वर ठेवा.

झाड सडायला लागलं तेव्हा मी फोटोसकट तक्रार केली होती, उत्तर आलं की "कृपया पाण्याची पातळी तपासा", आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुंडीवर डिस्काउंटचा मेसेज.

तर झाड घ्या, बिनधास्त घ्या, पण नुसतं झाड घ्या. झाड पाच, पॅकिंग चार, केअर कार्ड शून्य, कुंडी एक. तो एक पण का, तर ती कुंडी मी नंतर पीस लिलीला दिली, जी दर दोन दिवसांनी मान टाकून नाटक करायची, आणि तेव्हापासून ती मान ताठ करून उभी आहे, टाकी आठवड्यात रिकामी करते.